दोन समुद्रांच्या मधला रस्ता

आन्डरमाट हे स्वित्झर्लंडच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे १४४० मीटर उंचीवर वसलेलं एक छोटं गाव. गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर पाट्या आहेत. पाटीवर खिंडीचं नाव आणि त्यापुढे एकच शब्द, ‘उघडी’ किंवा ‘बंद’. वर्षातले सहा-सात महिने तिथे ‘बंद’ असंच लिहिलेलं असतं. वसंत ऋतूत बर्फ कापून दूर फेकणारी यंत्रं वर चढू लागतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या बर्फाच्या भिंती उभ्या राहतात, आणि जूनमध्ये कधीतरी पाटी बदलते. मग सकाळी लवकर हेल्मेट चढवून निघालेल्या माणसासमोर सुमारे १२० किलोमीटरचं एक वर्तुळ मोकळं होतं. पश्चिमेला फुर्काची खिंड, मग उत्तरेला ग्रिम्सेल, मग पूर्वेकडे वळून सुस्टेन, आणि संध्याकाळी पुन्हा आन्डरमाट. नकाशावर हे तीन तासांचं अंतर दिसतं. पण याला अख्खा दिवस द्यावा, कारण युरोपचं पाणी, बर्फ, दगड आणि माणसाची हिकमत यांचा इतका मोठा पसारा इतक्या थोड्या अंतरात एकत्र आलेल्या जागा जगात फार नसतील.

पहिले नऊ-दहा किलोमीटर मात्र चक्क सपाट आहेत. उर्सेरेनचं खोरं, दोन्हीकडे गवताळ उतार, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, आणि रेआल्पपर्यंत जवळजवळ सरळ जाणारा रस्ता. आल्प्सच्या ऐन मध्यात इतका सरळपणा कुठून आला? याचं उत्तर पायाखाली आहे. खोऱ्याच्या उत्तरेला आर नावाचा आणि दक्षिणेला गॉटहार्ड नावाचा, असे कठीण खडकाचे दोन प्रचंड ठोकळे आहेत. आफ्रिकेकडचा भूभाग उत्तरेला सरकत युरोपवर रेटला गेला तेव्हा या दोघांच्या फटीत मऊ खडकांचा एक पट्टा चिरडून उभा राहिला. हा गाळाचा खडक, पाटीचा दगड, जिप्सम वगैरे पाण्याला आणि हिमनदीला सहज कोरता आला. ऱ्होन नदीचं खोरं, फुर्काची खिंड, उर्सेरेन, पुढे ओबरआल्पची खिंड आणि तिच्यापलीकडे ऱ्हाइनच्या उगमाचं खोरं हे सगळं याच एका रेषेवर आहे. म्हणजे सकाळच्या उन्हात पाचव्या गिअरमध्ये निवांत धावणारी बाईक दोन पर्वतांच्या सांध्यावरून जात असते. हा पर्वत अजून थांबलेला नाही. वर्षाला एक-दोन मिलिमीटर या वेगाने आल्प्सचे काही भाग आजही वर येत आहेत.

रेआल्प संपलं की रस्ता उजवीकडे उडी घेतो आणि चढ लागतो. शॉन कॉनरीच्या ‘गोल्डफिंगर’ या चित्रपटातला मोटारींचा प्रसंग याच उतारांवर १९६४ साली चित्रित झाला, आणि अनेक जण ते वळण शोधत येतात. मला त्याहून डावीकडचा एक छोटा लोखंडी पूल मोलाचा वाटतो. खालच्या घळीत जुन्या रेल्वेची दातेरी रुळांची वाट आहे. श्टेफेनबाख नावाच्या ओढ्यावर तिला पूल हवा होता, पण त्या घळीतून दर हिवाळ्यात हिमप्रपात कोसळतात आणि आधीचा दगडी पूल त्यांनी उडवून दिला होता. तेव्हा १९२५ साली इंजिनिअरांनी वेगळाच विचार केला. त्यांनी घडी घालता येणारा पूल बांधला. शरद ऋतूत माणसं येतात, पुलाचे तीन भाग सोडवून दोन्ही काठांना मागे ओढून ठेवतात, हिमप्रपाताला मोकळी वाट देतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पूल पुन्हा जोडतात. आज शंभर वर्षं झाली, हा क्रम चालूच आहे. १९८२ साली डोंगराच्या पोटातून पंधरा किलोमीटरचा बोगदा झाला आणि ही वरची रेल्वे बंद पडली. पण रेल्वेवेड्या स्वयंसेवकांनी ती सोडली नाही. या मार्गावरची जुनी वाफेची इंजिनं १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली होती. ती १९९० मध्ये तिथून परत आणून दुरुस्त केली गेली आणि आज उन्हाळ्यात ती इथेच धूर सोडत चढतात. बाईक थांबवून तो आवाज ऐकावा, असं हे ठिकाण आहे.

यापुढे वळणं सुरू होतात, आणि मोटारसायकलच का, या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. मोटारीत वळणावर आपण बाजूला फेकले जातो. दारावर, शेजाऱ्यावर, पट्ट्यावर आदळतो. बाईकवर तसं होत नाही. बाईक आतल्या बाजूला झुकते, आणि गुरुत्वाकर्षणाची खाली ओढ व वळणाची बाहेरची ओढ यांची बेरीज बरोबर टायरच्या रेषेतून जमिनीत उतरते. स्वाराला बाजूची ओढ जाणवतच नाही, तो फक्त सीटवर अधिक घट्ट दाबला जातो. सत्तावीस अंशांच्या झुकावात सत्तर किलोचा माणूस अठ्ठ्याहत्तर किलोचा होतो. ते आठ किलो म्हणजे त्या वळणाचं वजन, आणि ते स्वाराच्या मांड्यांना कळतं.

किती झुकायचं हे फक्त दोन गोष्टी ठरवतात, वेग आणि वळणाची त्रिज्या. वेगाचा वर्ग करा, त्याला त्रिज्येने भागा, आणि झुकाव त्यावरून निघतो. गाडीचं वजन या हिशेबात येतच नाही. त्यामुळे टायरच्या जाडीचा थोडा फरक सोडला तर शंभर सीसीची हलकी बाईक आणि अडीचशे किलोची भारी टूरर एकाच वळणावर एकाच वेगाने जवळपास सारख्याच झुकतात. आणखी एक गंमत पाहा. दहा मीटर त्रिज्येचं हेअरपिन वळण ताशी २५ किलोमीटरने घेतलं तर झुकाव सुमारे सव्वीस अंश येतो. शंभर मीटर त्रिज्येचा लांबलचक बाक ताशी ८० ने, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या गावाबाहेरच्या कमाल वेगाने, घेतला तरी झुकाव तेवढाच. डोळ्यांना एक वळण अगदी रांगतं आणि दुसरं सुसाट दिसतं, पण शरीराला दोन्हींचा दाब एकच. चांगल्या घाटात अर्ध्या तासाने जी लय लागते, ती बहुधा या सारखेपणातून येत असावी.

आणि वळण सुरू कसं होतं, हे तर त्याहून नवलाचं. उजवीकडे वळायचं असेल तर हँडलची उजवी मूठ क्षणभर पुढे ढकलावी लागते, म्हणजे पुढचं चाक किंचित डावीकडे फिरवावं लागतं. चाकं डावीकडे सरकतात, वरचं धड जागेवर राहू पाहतं, आणि त्यामुळे बाईक उजवीकडे कलते. कललेली बाईक मग उजवीकडे वळते. लहानपणी सायकल शिकलेल्या प्रत्येकाचे हात हे नकळत करतात. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंची सायकलींचीच कार्यशाळा होती, आणि त्यांच्यापैकी विल्बरने ही गोष्ट नेमकी हेरली होती. आपल्याकडच्या स्वाराला तिथे आणखी एक सवय बदलावी लागते. वाहतूक उजव्या बाजूने असल्यामुळे घट्ट, आतलं, जवळजवळ जागच्या जागी फिरणारं वळण तिथे उजवीकडचं असतं. डावं वळण प्रशस्त असतं, पण तिथे समोरून येणारा दिसायला उशीर होतो. नजर नेहमी वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवावी. बाईक जिथे बघाल तिथे जाते.

फुर्काचा माथा २४२९ मीटरवर आहे. निघाल्यापासून जवळजवळ हजार मीटर चढून आलेलो असतो. हवा इतकी विरळ झालेली असते की इंजिनाला दर श्वासात समुद्रसपाटीपेक्षा साधारण वीस टक्के कमी ऑक्सिजन मिळतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या इथे धापा टाकतात, काळा धूर सोडतात. नव्या गाड्यांचा संगणक हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो. तरी ताकद घटतेच, आणि ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या हाताला ती घट कळते. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, त्यात वारा. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. जर्मन कवी गटे १७७९ मध्ये नोव्हेंबरच्या बर्फातून चालत ही खिंड ओलांडून रेआल्पला उतरला होता, आणि १८६८ मध्ये व्हिक्टोरिया राणी बग्गीतून इथे येऊन राहिली होती. दोघांच्या मध्ये १८६६ साली बग्गीचा रस्ता झाला. तो मुख्यतः लष्करासाठी बांधला होता.

पण माथ्यावर थांबायचं ते एका अदृश्य रेषेसाठी. आपण चढून आलो त्या उताराचं पाणी रॉयस नदीत जातं, ती लुसर्नच्या सरोवरातून पुढे आर नदीला, आर ऱ्हाइनला आणि ऱ्हाइन थेट उत्तर समुद्राला मिळते. समोरच्या उताराचं पाणी ऱ्होन होऊन जिनिव्हाच्या सरोवरातून फ्रान्समध्ये शिरतं आणि आठशे किलोमीटरचा प्रवास करून भूमध्य समुद्रात पडतं. महाबळेश्वरला एकाच डोंगरमाथ्यावरून सावित्री अरबी समुद्राकडे उतरते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे निघते, तसंच हे. इथे मात्र पुढच्या तासाभरात ही रेषा दोनदा ओलांडायची आहे. फुर्कावर आपण उत्तर समुद्राचं पाणी सोडून भूमध्य समुद्राच्या पाण्यात येतो, आणि ग्रिम्सेलवर ते सोडून पुन्हा उत्तर समुद्राकडे जातो. ऱ्होनच्या खोऱ्यात राहणं होतं ते जेमतेम सोळा किलोमीटर.

ते सोळा किलोमीटर सावकाश जावेत.

माथ्यावरून थोडं उतरलं की एका तीव्र वळणाच्या कवेत एक उंच, जुनं, खिडक्या मिटलेलं हॉटेल उभं आहे. बेलव्हेदेर. आल्प्समधल्या घाटांच्या चित्रांत हे सर्वांत जास्त वेळा दिसत असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधलं गेलं, कारण खिडकी उघडली की समोर ऱ्होनची हिमनदी होती. त्या काळी हिमनदीची जीभ कड्यावरून खाली ओघळून थेट ग्लेच वस्तीच्या मैदानापर्यंत पोचलेली असे. आज ती कड्याच्या वर, आत, एका राखाडी-हिरव्या तळ्यामागे सरकलेली आहे. २०१५ पासून हॉटेल बंद आहे.

हिमनदी वाहते, हे आपण शाळेत वाचतो. ते सिद्ध करण्याचा एक अतिशय सुंदर प्रयोग याच हिमनदीवर झाला. १८७४ साली सर्वेक्षकांनी बर्फावर आरपार दगडांच्या सरळ रांगा मांडल्या, प्रत्येक रांग वेगळ्या रंगात रंगवलेली, आणि दरवर्षी येऊन त्यांच्या जागा नोंदवल्या. वर्षागणिक रांगा मधे पुढे झुकत गेल्या. कडेचे दगड खडकाशी घासत मागे रेंगाळले, मधले पुढे गेले. बर्फासारखा टणक पदार्थ नदीसारखाच मधे वेगाने आणि काठाला हळू वाहतो, हे दगडांच्या रंगीत ओळींनी नकाशावर काढून दाखवलं. या हिमनदीची मोजमापं तेव्हापासून होत आली आहेत. म्हणूनच तिच्या मागे हटण्याची नोंदही इतकी तपशीलवार आहे.

दीडशे वर्षं इथे बर्फाच्या पोटात एक गुहा कोरली जात आली आहे. बर्फ सरकतो, गुहा विरते, पुन्हा कोरतात. आत गेलं की सगळं निळं असतं. बर्फ लाल प्रकाश थोडा थोडा शोषून घेतो. पातळ बर्फात ते कळत नाही. पण हिमनदीच्या तळाशी वर्षानुवर्षांच्या दाबाने हवेचे बुडबुडे पिळून निघालेले असतात, प्रकाश खोलवर जाऊ शकतो, आणि लांबचा प्रवास करून बाहेर येतो तेव्हा त्याच्यात निळाच उरलेला असतो. आता ही गुहा वाचवण्यासाठी उन्हाळ्यात बर्फावर पांढरी जाड कापडं अंथरतात. कापड ऊन परतवतं आणि त्याखालचं वितळणं जवळपास निम्म्यावर येतं. ती मळलेली, सुरकुतलेली कापडं पाहून फार वाईट वाटतं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फाचा दहावा हिस्सा गमावला. इथवर आपण पेट्रोल जाळूनच आलेलो असतो, हे त्या कापडांपुढे उभं राहून विसरता येत नाही आणि विसरूही नये. या वाटेवर यावं ते वर्षातून दहादा नव्हे. एकदाच यावं, आणि नीट पाहून घ्यावं.

ग्लेच १७५७ मीटरवर आहे. या वस्तीतून मान वर केली की एका उतारावर फुर्काची वळणं आणि दुसऱ्यावर ग्रिम्सेलची वळणं एकाच वेळी दिसतात. पहिली १८६६ ची, दुसरी १८९४ ची. एक रस्ता दहा किलोमीटरमध्ये ६७० मीटर चढतो, दुसरा सहा किलोमीटरमध्ये ४०० मीटर. भागाकार केला तर दोन्हींचं उत्तर तेच येतं, दर शंभर मीटरला सरासरी सात मीटरच्या आसपास. हा आकडा घोड्यांचा आहे. भरलेली टपालगाडी ओढत घोडा तासन्‌तास टिकेल, आणि उतरताना ब्रेक लागतील, एवढाच चढ द्यायचा. मग डोंगराची उंची त्या चढात बसवायला जितकी लांबी लागेल तितकी नागमोडी घड्या घालून उतारावर मांडायची. म्हणजे आजच्या स्वाराला वेड लावणारं या दोन घाटांतलं प्रत्येक हेअरपिन वळण दीडशे वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या दमावर आखलेलं आहे.

ग्रिम्सेलचा माथा २१६४ मीटरवर. एक काळसर तळं, दोन-तीन हॉटेलं, आणि बाईक उभ्या करून ऊन खात बसलेली माणसं. पलीकडे उतरायला लागलं की मात्र जग बदलतं. गवत संपतं. सगळीकडे उघडा, करडा, गोलसर, गुळगुळीत ग्रॅनाइट. हा खडक जवळजवळ तीस कोटी वर्षांचा, आणि त्याला ही झळाळी हिमयुगातल्या बर्फाने दिलेली आहे. खिंडीच्याही शेकडो मीटर वर तेव्हा बर्फाचा पृष्ठभाग होता. वर पाहिलं की ती पातळी आजही डोळ्यांना दिसते. एका उंचीपर्यंत सगळे खडक घासून गोल झालेले, आणि त्याच्या वरची शिखरं करवतीसारखी दातेरी, कारण ती बर्फातून बाहेर डोकावत होती.

हिमयुग ही कल्पनाही याच परिसरात रुजली. इथून पश्चिमेला उंटरआर नावाची हिमनदी आहे. फ्रान्झ योझेफ हूगी या संशोधकाने १८२७ मध्ये तिच्यावर एक झोपडी बांधली. नंतरच्या वर्षांत येणाऱ्यांना ती दरवेळी आणखी खाली सापडू लागली, आणि चौदा वर्षांत ती किलोमीटरहून जास्त सरकली होती. युरोप एकेकाळी बर्फाखाली होता, असं १८३७ मध्ये जाहीरपणे मांडणारा लुई आगासिझ १८४० मध्ये याच हिमनदीवर आला. एका प्रचंड शिळेच्या आडोशाला त्याने मुक्काम केला आणि सोबत्यांसह बर्फाची मापं घेतली. त्या निवाऱ्याला त्यांनी थाटात ‘हॉटेल’ असं नावही देऊन टाकलं होतं.

आता त्या हिमनदीचं पाणी ग्रिम्सेलच्या धरणात साठतं. पाण्याचा रंग निळा-हिरवा, दुधात कालवल्यासारखा. हिमनदी खडक दळते, त्या दळणाचं पीठ इतकं बारीक असतं की ते तळाशी बसत नाही, आणि पाण्यात तरंगत प्रकाश विखुरतं. धरणाची ११४ मीटर उंच जुनी भिंत १९३२ मध्ये पूर्ण झाली. पुढे तिच्यात चीर आढळली, म्हणून तिच्या लगेच पुढे नवी भिंत उभारायचं काम २०१९ मध्ये सुरू झालं. जुनी भिंत पाडायची नाही, असं ठरलं. दोन्ही भिंतींच्या मधेही पाणी भरलं की ती दोन्ही बाजूंनी पाण्यात उभी राहणार, अशी ही योजना. या डोंगराच्या आत वीजघरं आहेत, मैलोगणती बोगदे आहेत, आणि १९८४ पासून एक प्रयोगशाळासुद्धा आहे. अणुभट्ट्यांचा कचरा हजारो वर्षं खडकात कोंडून ठेवता येईल का, हे तिथे तपासतात. बोगदा खणताना १९७४ मध्ये आत स्फटिकांनी भरलेली एक अख्खी कपार सापडली, आणि ती होती तशीच जपून ठेवली आहे.

दुपारचं जेवण खाली हासलीच्या खोऱ्यात कुठेही घ्यावं. मॅकरोनी, बटाटे, भरपूर चीज, तळलेला कांदा, आणि शेजारी सफरचंदाचा गोड गर. हे गुराख्यांचं अन्न आहे, आणि थंडीत आखडलेल्या बोटांना ते लगेच पटतं. रस्ता उतरत उतरत इन्नेर्टकिर्खेनला ६२५ मीटरवर येतो, जॅकेटच्या चेन उघडाव्या लागतात, आणि इथून दिवसातली सर्वांत मोठी चढण, सुस्टेन, सुरू होते. २२२४ मीटरपर्यंत. एका दमात सोळाशे मीटर.

या चढणीचा हिशेब उलटा करून पाहण्यासारखा आहे. स्वार, सामान आणि बाईक मिळून ३२० किलो धरले, तर सुस्टेनच्या माथ्यावर पोचलेल्या बाईकमध्ये केवळ उंचीमुळे साठलेली ऊर्जा पंधरा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल. उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. काही वाऱ्याशी झुंजताना जाते, बाकीची ब्रेकच्या चकत्यांत नाहीतर इंजिनात. ती सगळी चकत्यांवर टाकली तर त्या तापतात, आणि ब्रेकचं तेल उकळू लागलं तर ब्रेकचा पेडल पोकळ होतो. म्हणून अनुभवी माणूस ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरतो. बंद ॲक्सिलरेटरवर इंजिनाचे पिस्टन मागच्या चाकाला धरून ठेवतात, आणि उष्णता रेडिएटरमधून निघून जाते. उतारावर घुमणारा तो जाड, धीमा आवाज म्हणजे उंची हळूहळू हवेत सोडली जात असल्याचा आवाज.

सुस्टेनचा रस्ता आधीच्या दोघांपेक्षा वेगळा आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत हातांना कळतं. वळणं मोठी, चढ एकसारखा, बोगदे खडकात नेटके कापलेले. १८१० मध्ये नेपोलियनने वाले प्रांत फ्रान्सला जोडला आणि बर्नचा इटलीशी व्यापार अडला. म्हणून बर्न आणि उरी या प्रांतांनी १८११ मध्ये इथून बग्गीचा रस्ता काढायला घेतला. नेपोलियन पडला, वाले स्वित्झर्लंडमध्ये आला, आणि रस्त्याची गरजच संपली. अर्धवट बांधकाम गवतात बुडालं. सव्वाशे वर्षांनी, १९३८ मध्ये, काम नव्याने सुरू झालं आणि १९४६ मध्ये रस्ता खुला झाला. मोटारीसाठीच आखलेला स्वित्झर्लंडमधला पहिला मोठा खिंडरस्ता म्हणून तो ओळखला जातो. आखणाऱ्यांनी घोड्याचा दम विचारात घेतला नाही, त्यांनी माणसाच्या डोळ्याचा विचार केला. एका वळणातून बाहेर पडताना समोर श्टाइन हिमनदी आणि तिच्या पायाशी तळं दिसतं, मग ते लपतं, आणि पुढच्या वळणावर जरा उंचावरून पुन्हा समोर येतं. रस्ता पाहायलाच बांधलेला आहे. तिन्हींत मला हाच सर्वांत जवळचा वाटतो.

आंधळ्या वळणावर कधीकधी तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो. ती टपालखात्याची पिवळी बस. ते तीन सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या १८२९ च्या संगीतिकेतून घेतलेले आहेत. पिवळ्या शिंगाचं चित्र असलेल्या निळ्या पाटीचा रस्ता असेल तर बसचालकाने हाताने केलेली खूण सर्वांवर बंधनकारक असते. भोंगा ऐकला की बाईक कडेला घ्यावी आणि बसच्या मागच्या टोकाला फिरायला जागा द्यावी.

माथ्यावरचा सुमारे तीनशे मीटरचा बोगदा ओलांडला की बर्न प्रांत संपतो आणि उरी सुरू होतो. पाणी इथेही वाटलं जातं, पण यावेळी दोन्ही वाटा उत्तर समुद्राकडेच. पश्चिमेचं पाणी आर नदीला, पूर्वेचं रॉयसला. बोगद्याच्या दोन तोंडांशी वेगळे झालेले थेंब ब्रुग गावाजवळ, जिथे आर आणि रॉयस एकत्र येतात, तिथे पुन्हा भेटतात. मधल्या काळात एकाने ब्रीन्झ आणि थून ही सरोवरं पाहिलेली असतात, दुसऱ्याने लुसर्नचं.

मायेनचं खोरं उतरून वासेनला यावं. इथलं टेकडीवरचं चर्च गॉटहार्डच्या जुन्या रेल्वेतून तीनदा, तीन वेगवेगळ्या उंचीवर दिसतं, कारण १८८२ च्या इंजिनिअरांनी रेल्वेला डोंगराच्या पोटात वाटोळे बोगदे देऊन वर चढवलं. इथून आन्डरमाट नऊ-दहा किलोमीटर, आणि मधे शॉलेनेनची घळ.

सगळ्या दिवसात इतका अरुंद, इतका उभा, इतका सावलीतला रस्ता आलेला नसतो. रॉयस नदी ग्रॅनाइटमधून खाली आदळते. गॉटहार्डच्या वाटेला, म्हणजे उत्तर युरोपातून इटलीला जायच्या सर्वांत थेट वाटेला, हीच घळ शतकानुशतकं अडवून होती. तेराव्या शतकात इथे पहिला पूल झाला. तो माणसाने बांधला यावर कोणाचा विश्वास बसेना. सैतानाने बांधला म्हणाले, मोबदल्यात पहिल्यांदा पूल ओलांडणारा जीव त्याचा. गावकऱ्यांनी बोकड पुढे हाकलला. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला आणलेला धोंडा अजून ग्योशेनेन गावाजवळ आहे. १९७७ मध्ये महामार्ग त्याच्यावरून जाणार होता, तेव्हा लोकांनी २२० टनांचा तो धोंडा फुटू दिला नाही. तो १२७ मीटर बाजूला सरकवला गेला. १७९९ च्या सप्टेंबरमध्ये सुवोरोवचं रशियन सैन्य आणि फ्रेंच सैन्य इथल्याच पुलावर भिडलं. जुना पूल १८८८ मध्ये कोसळला. आज १८३० चा दगडी पूल आणि त्याच्या वर १९५८ चा, असे दोन पूल एकावर एक दिसतात. आपण वरच्यावरून जातो.

पुलानंतर लगेच खडक पुन्हा वाट अडवतो. पूर्वी इथे कड्याला साखळ्यांनी टांगलेल्या फळ्यांवरून माणसं आणि खेचरं जात, खाली नदी. १७०७ मध्ये पिएत्रो मोरेत्तीनी नावाच्या बांधकामतज्ज्ञाने हा खडक आरपार फोडायचं ठरवलं. सुरुंगाची दारू आणि छिन्नी-हातोडा एवढंच त्याच्या हाताशी होतं. पुढच्या वर्षी ६४ मीटरचा बोगदा तयार झाला. आल्प्समधला रस्त्याचा पहिला बोगदा तो हाच, उर्नरलोख. पुढे तो रुंद होत गेला आणि आज त्यातून दुपदरी रस्ता जातो. ताशी पन्नासच्या वेगाने त्याच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर यायला पाच सेकंदही लागत नाहीत, आणि पलीकडे उर्सेरेनचं तेच सपाट खोरं असतं.